आम्हाला कोणी विचारलं का?

(१९९५ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय त्यांनीच देऊन टाकला होता. "तू आयटीतली आहेस, एआयवर पंधरा मिनिटं बोल. आपल्या मुलांच्या नोकऱ्या राहणार का, तेवढं सांग." मी हो म्हटलं, आणि आठ दिवसांनी फोन करून विषय बदलून मागितला. आज मी युनियनबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, घोषणा द्यायला लावणार नाही. आणि पंधरा मिनिटांच्या पुढे गेले तर बाईंनी पूर्वीसारखा डस्टर टेबलावर आपटावा.

सुरुवात माझ्या कामापासून करते. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आम्ही विमान कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या वैमानिकाने कोणत्या दिवशी कुठलं विमान न्यायचं, किती तास उडायचं, मध्ये किती तास विश्रांती घ्यायची, हे त्या सॉफ्टवेअरने ठरतं. त्यातले काही नियम सरकारचे असतात. पण बरेचसे कंपनी आणि वैमानिकांची युनियन यांच्यातल्या करारातून येतात. म्हणजे कराराचं एक कलम बदललं की आमच्याकडे रात्र काढावी लागते. त्यामुळे इंजिनीअर असूनही मला हे करार वाचायची सवय लागली.

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांची बातमी वाचली. कंपनी आणि युनियन यांच्यात कराराचा मसुदा ठरला. तो सभासदांपुढे मताला गेला आणि ९४ टक्के वैमानिकांनी तो फेटाळला. मला वाटलं, आता ही युनियन फुटणार. तसं झालं नाही. वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नवा करार ८२ टक्के मतांनी मंजूर झाला. आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला.

तिथे वैमानिक आपल्या नेत्यांवर फार विश्वास ठेवतात असं नाही. आमच्याबरोबर काम करणारे निवृत्त वैमानिक चहा पिताना आपल्या युनियनच्या पुढाऱ्यांना जी नावं ठेवतात, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. पण त्या अविश्वासाला जायला एक जागा आहे. मसुदा आला, वाचला, पटला नाही, नाही म्हणून मत दिलं. विषय संपला. कोणी कोणाला फितूर म्हटलं नाही.

ही बातमी मी घरी बाबांना वाचून दाखवली. बाबा म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या बाबांसारखेच, गिरणी कामगार. भटवाडीतल्या आमच्या खोलीतून निघायचे, घाटकोपरहून गाडी पकडून करी रोडला उतरायचे, साचेखात्यात पाळी करायचे. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "प्रत्येकाला कागद दिला? प्रत्येकाचं मत मोजलं?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला कोणी विचारलं का?"

आता आपल्या मुलांना माहीत नसलेली आणि आपल्यालाही अर्धीच माहीत असलेली गोष्ट सांगते. संप सुरू झाला तेव्हा आपण सगळे दोन-तीन वर्षांचे होतो.

मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा एक कायदा लागू होता, मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याचं सूत्र सोपं होतं. एका भागात एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन. मालकाशी बोलायचा, सही करायचा अधिकार तिचाच. कामगार तिचा सभासद असो वा नसो, तिने केलेला करार त्याला बांधील. आणि प्रातिनिधिक कोण हे ठरायचं वर्गणी भरलेल्या सभासदांच्या नोंदींवरून. गुप्त मतदान नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये ही मान्यता काँग्रेसकडे झुकलेल्या इंटकशी संलग्न अशा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती आणि ती दशकानुदशकं त्याच्याकडेच राहिली. १९५० मध्ये समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली दोन महिने संप झाला. १९७४ मध्ये कॉम्रेड डांग्यांच्या नेतृत्वाखाली ४२ दिवस झाला. कामगार संपावर जायचे एकाच्या मागे आणि सही करायचा अधिकार असायचा दुसऱ्याकडे.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईटच होता असं मी म्हणणार नाही. दहा युनियन दहा दिशांना ओढत असतील तर मालकाने तरी कोणाशी बोलायचं, हा प्रश्न खरा होता. पण त्या उत्तरात एक गोष्ट राहून गेली. आपल्या नावाने सही करणारा माणूस पटला नाही, तर कामगाराने काय करायचं?

१९८१ च्या दिवाळीला बोनसवरून ठिणगी पडली. संघाने मान्य केलेला बोनस अनेक गिरण्यांतल्या कामगारांना पटला नाही. आणि मग कामगार जिकडे आले ते ठिकाण आपल्या शाळेपासून फार लांब नव्हतं. ते आले घाटकोपरला, डॉक्टर दत्ता सामंतांकडे.

सामंत मूळचे खरोखरच दवाखाना चालवणारे डॉक्टर. घाटकोपरच्या दगडखाणींतले मजूर त्यांचे पेशंट होते आणि तिथून ते कामगारांच्या लढ्यात आले. १९७२ मध्ये ते आमदार झाले. त्यानंतरच्या काळात कुर्ला, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातले कारखाने एकामागून एक त्यांच्या युनियनमध्ये गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कामगार जुन्या, वजनदार युनियनमधून त्यांच्याकडे आले. हा माणूस पैसे खात नाही आणि मालकापुढे वाकत नाही, ही त्यांची ख्याती होती. कंपनीचा ताळेबंद काय म्हणतो हे बघायला ते तयार नसत, हीसुद्धा ख्यातीच होती. गिरण्यांच्या बाबतीत मात्र ते आधी फारसे उत्सुक नव्हते. गिरणी म्हणजे एक कारखाना नव्हे, इथे कायदा वेगळा आणि धंद्याची तब्येतही वेगळी, हे त्यांना कळत होतं. कामगारांनी त्यांना गळ घातली. बाबा त्या गर्दीत होते. ते म्हणतात, "आम्हीच त्यांना ओढून आणलं. पुढे लोक म्हणाले, त्यांनी आम्हाला ओढलं."

१८ जानेवारी १९८२ ला बेमुदत संप सुरू झाला. साठेक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं आणि १९४६ चा तो कायदा रद्द करणंही होतं. म्हणजे भांडण निम्मं मालकाशी होतं आणि निम्मं, आमच्या वतीने कोण बोलणार, यासाठी होतं. याच मागणीवर सरकार हललं नाही. कायद्याने मान्य असलेली युनियन संपात नाही आणि संपात असलेल्या युनियनला मान्यता नाही, मग बोलायचं कोणाशी, असा तो पेच. संप कधी मागे घेतल्याचं कोणी अधिकृतपणे जाहीर केलंच नाही. वर्ष-दीड वर्षात तो विरत गेला. १९८३ मध्ये १३ गिरण्यांचा ताबा केंद्र सरकारने घेतला. एक लाखाहून अधिक लोकांची कामं गेली ती कायमची.

आपल्या घरांत त्याचं काय झालं हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. माझी आई साड्यांना फॉल लावायची. बाबा पुढे मुलुंडला एका इमारतीत वॉचमन झाले. शाळेच्या सहलीचे पैसे भरायच्या दिवशी आपल्यातल्या किती जणांना नेमका ताप यायचा, ते बाईंना आठवत असेल.

आता मी जे सांगणार आहे ते बाबांना विचारून सांगते आहे. ते म्हणाले, "सांग. आता कोण रागावणार आहे?"

संपाच्या नवव्या महिन्यात बाबा कामावर जायला निघाले होते. गावाहून येणारा तांदूळ संपला होता, वाण्याने वही बंद केली होती आणि मी तापाने फणफणले होते. त्यांनी डबा घेतला, करी रोडला उतरले, गिरणीच्या दारापर्यंत गेले. दारात पोलीस होते. समोरच्या कोपऱ्यावर त्यांच्याच खात्यातली चार माणसं उभी होती. कोणी काही बोललं नाही. बाबा वळले, चिंचपोकळीच्या पुलावर बसून त्यांनी डबा खाल्ला आणि संध्याकाळी घरी आले. आईला सांगितलं, सभेला गेलो होतो. हे त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

मी विचारलं, "सभेत का नाही बोललात, की आता थांबूया?" ते म्हणाले, "लाख माणसांच्या सभेत कोण उभा राहून असं बोलेल? आणि डॉक्टरांवर रागही नव्हता. रागावलेल्या माणसाला बोलता येतं. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याला नाही कसं म्हणायचं?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "बहुतेकांना लढायचंच असेल. माझ्यासारखे किती होते मला माहीत नाही. पण कोणालाच माहीत नाही ना. कधी मोजलंच नाही."

मित्रांनो, संपाच्या अपयशाची कारणं मोठी आहेत. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, मालकांना परवडणारा संप, दिल्लीचं राजकारण. ती मला ठाऊक आहेत आणि बाबांच्या एका वाक्यात सगळा इतिहास बसवायचा माझा विचार नाही. पण एवढं मला दिसतं की कामगारांचा अविश्वास ज्या नेत्यांवर होता त्यांना हटवायची सोय नव्हती आणि विश्वास ज्या नेत्यावर होता त्याला थांबवायची सोय नव्हती. दोन्हीकडे एकच गोष्ट नव्हती. मसुदा हातात आणि एक गुप्त मत.

१६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांची पवईला, त्यांच्या घराजवळ, गोळ्या घालून हत्या झाली. मी बारावीत होते. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला तेव्हा वाटायचं, या माणसामुळे आपलं घर बसलं आणि बाबा उपाशी का राहतात? आता कळतं. त्यांची तक्रार त्या माणसाबद्दल नव्हतीच.

आता या सभागृहातली गोष्ट. आपल्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील अकराव्या महिन्यात कामावर परत गेले. त्यांना घेतलंही. आमच्या आळीत त्यांच्याशी बोलणं बंद झालं होतं आणि संप विरून गेल्यावरही ते बंदच राहिलं. चौथीत असताना, कंपासपेटीतल्या कर्कटकावरून भांडण झालं आणि मी त्याला सगळ्यांसमोर "फितुराचा पोरगा" म्हटलं. अर्थसुद्धा नीट माहीत नव्हता. गणिताच्या बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. मारलं नाही. विचारलं, "हा शब्द तुला कोणी सांगितला?" मी म्हटलं, "सगळे म्हणतात." बाई म्हणाल्या, "सगळे म्हणजे किती? तू मोजलेस?"

बाई, मी तेव्हा मोजले नव्हते. ज्या माणसाला मी फितूर म्हटलं तो दारातून आत गेला आणि माझे वडील त्याच दारातून परत फिरले. दोघांमध्ये तेवढंच अंतर होतं. आपला तो मित्र आज इथे आहे. मी त्याला महिन्यापूर्वी फोन करून हे सांगितलं आणि इथे बोलू का, असं विचारलं. तो म्हणाला, "बोल, पण माझं नाव नको घेऊस आणि रडू नकोस." नाव घेतलेलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं होतं म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं बाहेर आलं. मी मुलुंडला ज्या सोसायटीत राहते तिथे मी सेक्रेटरी आहे. २८ बिऱ्हाडं, चाळीस वर्षांची इमारत, पुनर्विकास काढलेला. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या इमारतींचं हेच चाललंय, त्यामुळे हसू नका. कमिटीने बिल्डरबरोबर तीन बैठका केल्या. सभासदांना आम्ही एवढंच सांगितलं की बोलणी चालू आहेत, पक्कं झालं की कळवू. आमचा हेतू स्वच्छ होता. २८ जणांना दर वेळी विचारत बसलो तर बोलणी कशी होणार, असं आम्हाला वाटायचं. मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. एक दिवस खालच्या मजल्यावरचे सत्तरीचे काका मला लिफ्टपाशी थांबवून म्हणाले, "तुला जास्तीचं किती मिळणार आहे गं?"

मी घरी येऊन रडले. राजीनामा लिहायला बसले. बाबा म्हणाले, "त्यांनी तुला चोर नाही म्हटलं. तुला विचारलं. तू त्यांना विचारलंस का?"

मित्रांनो, त्या क्षणी मला लख्ख दिसलं की मी त्या १९४६ च्या कायद्यातली मान्यताप्राप्त युनियन झाले होते. सही करायचा अधिकार माझा, घर त्यांचं.

पुनर्विकासाला सरकारी नियम आहेत. २००९ च्या शासन निर्णयात तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागायची, २०१९ पासून ५१ टक्के पुरते. विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, तिचं चित्रीकरण करावं लागतं. ते सगळं करायचं होतंच. पण त्याच्या आधी आम्ही तीन साध्या गोष्टी केल्या. बिल्डरचा प्रत्येक प्रस्ताव, क्षेत्रफळ, भाडं, कॉर्पस, बँक गॅरंटी, एका तक्त्यात मांडून मराठीत आणि गुजरातीत घरोघरी दिला. प्रत्येक बैठकीला कमिटीबाहेरचे दोन सभासद चिठ्ठ्या टाकून निवडून बरोबर नेले. आणि मसुद्यावर गुप्त मतदान घेतलं, माझ्याच घरच्या स्टीलच्या डब्याला वर फट पाडून.

पहिला मसुदा ९ विरुद्ध १९ मतांनी पडला. मी स्वतः बाजूने मत दिलं होतं. वाईट वाटलं, झोप आली नाही, पण एक नवल घडलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात लोक माझ्याशी बोलायला लागले. काय पटलं नाही ते सांगायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना क्षेत्रफळाशी देणंघेणं नव्हतं. काम अर्ध्यावर थांबलं तर भाडं कोण देणार, याची त्यांना भीती होती. ही गोष्ट तीन बैठकांत आमच्या डोक्यात आली नव्हती. पाच महिन्यांनी दुसरा मसुदा २५ विरुद्ध ३ ने मंजूर झाला. त्या पाच महिन्यांची किंमत आम्ही मोजली. एक बिल्डर निघून गेला आणि आसपासची भाडीही वाढली. तीन जण आजही नाराज आहेत. लिफ्टपाशी भेटलेले काका त्या तिघांत आहेत, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण मत गुप्त होतं. तेही मला रोज "काय सेक्रेटरीबाई" म्हणून हाक मारतात.

आपण आता चाळिशी ओलांडलेली माणसं आहोत. आपल्यातले कोणी सोसायटीचे चेअरमन आहेत, कोणी युनियनमध्ये आहेत, कोणी बँकेचे, पतपेढीचे, मंडळाचे पदाधिकारी आहेत. घरात तर आपण सगळेच कोणाच्या ना कोणाच्या वतीने निर्णय घेतो. तुमच्यावर कोणी संशय घेतला तर चिडण्याआधी एवढं बघा की त्या माणसाला नाही म्हणायची जागा तुम्ही ठेवली होती का. नसेल, तर तो जिन्यातच बोलणार. किंवा माझ्या बाबांसारखा चाळीस वर्षं बोलणारच नाही.

ज्यांचे वडील त्या संपात होते त्यांना एक विनंती. जे हयात आहेत त्यांच्याशेजारी एक संध्याकाळ बसा आणि विचारा, "तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं?" युनियनला काय वाटत होतं ते पुस्तकांत आहे. त्यांना काय वाटत होतं ते कुठेच नाही.

पंधरा मिनिटं होऊन गेली आहेत. बाईंनी डस्टर उचलला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. बाबांनी आज यायचं ठरवलं होतं, पण गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी आपल्या शाळेला आणि तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे.